सातवाच सांगजो

आमच्याकडे एक गोष्ट ठरलेली होती. सातव्या महिन्यात झालेलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही. का, ते कोणी विचारायचं नाही. विचारलंच तर "तसंच असते" म्हणायचे आणि भात वाढायचे. माझी मुलगी आठव्यात झाली. आणीबाणीच्या आगेमागे, करडीला, सासरी.

धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता. रोवण्याच्या दिवसांत गावात माणूस औषधालाही सापडत नाही. घरात मी, सासू आणि सुईण, बस. मूल आलं ते एवढंसं, निळसर. सुईण बोटांवर महिने मोजायला लागली. मोजता मोजता तिचा चेहरा उतरला. "आठवा दिसते बाई," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

माझी सासू महा भांडकुदळ. मी तिला जन्मभर हेच म्हटलं, आज ती नाही तरी हेच म्हणेन. ती उसळली. "आठवा कायचा? सातवा हाये! माह्या घरची सून, मले माहीत का तुले माहीत?" आठवाच होता, तिला पक्कं माहीत होतं. पण तिच्या तोंडाला कोण लागणार! सुईण परत खाली बसली. "सातवा असन त मंग कापूस आना," म्हणाली.

कापूस आला. मातीच्या गोरशीत निखारे घातले, पोर कापसात गुंडाळून टोपलीत ठेवली आणि टोपली गोरशीच्या उबेला. सासू कापसाची वात दुधात बुडवायची, थेंब थेंब पोरीच्या ओठांवर सोडायची. मी बाजेवर पडून बघायचे. म्हणतात आईचं काळीज तुटतं. माझं काही तुटलंबिटलं नाही. मला काहीच वाटत नव्हतं. कोणाचं तरी मूल आहे आणि कोणी तरी ते सांभाळतंय, एवढंच. "दगड हायेस का व तू?" सासू म्हणायची. असेन, मी म्हणायचे.

पोर जगली. पुढे नवऱ्याला जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं. निघताना सासूनं दम भरला, "कोनी पुसलं त सातवाच सांगजो. आठवा म्हनशीन त पोरीले नजर लागन."

क्वार्टरमध्ये दुपारी बायका मागच्या अंगणात उन्हाला बसायच्या, तांदूळ निवडायला. बायका जमल्या की बोलणं कशाचं, तर बाळंतपणाचं. एक म्हणायची, नऊ महिने मी चुलीची माती खाल्ली. दुसरी भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच बैलबंडीत बाळंत झालेली. "गाडीवान इतका भेला बाप्पा, बैल थांबवाचे सोडून पळवूनच राहिला!" सगळ्या हसायच्या. मीही हसायचे, सगळ्या हसतात म्हणून.

शेजारच्या क्वार्टरमधली बाई एकोडीकडची होती. तिचं पहिलं मूल गेलेलं, नंतर दिवस राहिले नव्हते. आपली बोलायची पाळी आली की ती ऊनपावसाचं सांगावं तसं सांगायची. "आठव्याचं होतं. आलं अना गेलं. आठव्याचं जगतच नाही ना व, कोन काय करन?" खरं आहे, खरं आहे, सगळ्या म्हणायच्या. मग तिनं मला विचारलं, "तुह्यी पोरगी?"

"सातवा," मी म्हटलं.

तिनं माझ्या पोरीला लळाच लावला. तेल लावणं, न्हाऊ घालणं, दिवसभर कडेवर. मी लावू दिला. खरं सांगू, बरंच वाटलं. जे माझ्याकडून होत नव्हतं ते ती करत होती. मला भीती एकच होती, हिला कळू नये. "आठव्याचं जगतच नाही" या एका वाक्यावर ती बाई जेवत होती, झोपत होती. माझी पोर आठव्याची निघाली तर तिनं कशावर टेकायचं?

पोरीचं जावळ काढायचं ठरलं, तेव्हा सासू आली. शेजारपाजारच्या सगळ्या जमल्या. पोर अंगणभर दुडदुड धावत होती. शेजारीण कौतुकानं म्हणाली, "सातमाशी पोर, पाहा कशी पळून राहिली!"

"सातमाशी कायची व!" सासू म्हणाली. "आठव्याची हाय. मीच सातवा म्हनून दडपलं, नाही त सुईन हात लावत नव्हती. आता कायचं भेव?"

"अव माय! बुढी मोठी वस्ताद निंगाली!" बायका खो खो हसल्या. शेजारीणही हसली. मग तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, चुलीवर दूध ठेवलंय म्हणाली आणि गेली. जिच्यामुळे माझी पोर जगली, त्या सासूचा मला गळा दाबावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाकीच्या यायच्या आधीच ती आली. उंबऱ्याशी बसली.

"खरंच आठवा होता?"

"म्हातारीच्या जिभेले काय हाड हाये," मी म्हटलं.

"खरं सांग व."

मी मान डोलावली.

"कापसात ठेवलं होतं?"

"हो."

"अना गोरशी?"

"हो."

"दूध?"

"वातीनं."

तिनं माझ्या सुपातले तांदूळ उगाच इकडून तिकडे केले. मग बोलली, त्याच ऊनपावसाच्या आवाजात.

"माह्यं दुपारपर्यंत रडत होतं. सुईनीनं आठवा मोजला, कोपऱ्यात ठेवून देल्लं. आठव्याचं हाये, जाईन म्हने. सगळे आपापल्या कामाले लागले. लांब नव्हतं ठेवलं, माह्या बाजेपाशीच. हात पुरत होता." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "मी नाही उचललं."

काही तरी बोलायला हवं होतं. नशीब म्हणतात, देवाची मर्जी म्हणतात.

"मी तरी कुठी उचललं होतं बाई," मी म्हटलं. "सासूनं उचललं."