होडी थांबवायचं काम

मला पोहता येत नाही. जैनाबादला तापीच्या काठीच आमचा केळीचा बाग आहे, तरी कमरेच्या वर पाण्यात मी कधी उतरलो नाही. म्हणून शाळेतून निवृत्त झालेल्या बायकोनं गोव्याला लेकीकडे राहून शिडाची होडी चालवायला शिकून घेतली, वर एक जुनी, छोटी होडी विकतही घेतली, तेव्हा मी आधी दोन तरंगायची जाकिटं मागवली. केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर होडी बऱ्हाणपूरला आली. खाली धरणाच्या फुगवट्यानं नदी तळ्यासारखी पसरते, तिथं आम्ही ती ठेवली.

"शीड मी बघते," बायको म्हणाली. "होडी थांबवायचं काम तुमचं."

मला ते पटलं. मला थांबलेलीच होडी हवी होती. भावाला सांगितलं, नांगर माझ्याकडे आहे. तो म्हणाला, "घरात ट्रॅक्टर असताना नांगर कायले?"

होडीसोबत आलेला नांगर चार आकड्यांचा होता, विहिरीतून बादली काढायच्या गळासारखा. पहिल्या दिवशी मी तो जोरात भिरकावला, तळाला लागताच दोर ताणून बांधला आणि डबा उघडला. दोन घास खाल्ले असतील.

"अहो, ते देऊळ मघाशी आपल्यासमोर होतं ना?"

काठावरचं देऊळ बरंच मागे राहिलं होतं. मी घाईनं दोर ओढला तर आकड्यांना नुसतं शेवाळ. होडी काठच्या बाभळीत जाऊन अडकली. अंगात तरंगायचं जाकीट होतं, तरी मी होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसलो. बायकोनं वल्ह्यानं होडी मोकळी केली.

लेकीनं तिकडच्या शिक्षकांना विचारून कळवलं: गाळात रुतायला रुंद पात्यांचा नांगर पाहिजे, त्याला वावभर, म्हणजे दोन्ही हात पसरल्याइतकी तरी साखळी, आणि दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट. नांगर तिनंच पाठवला. एवढा लांब दोर मात्र मला उधळपट्टी वाटली.

मग एके सकाळी बागेत घड धरलेली झाडं वाऱ्यानं पडू नयेत म्हणून त्यांना दोर बांधत होतो. खुंटी बुंध्याजवळ ठोकली तर झाड हललं की ती उपटून येते. लांब ठोकली की दोर आडवा होतो आणि खुंटी जमीन धरते. हे मी जन्मभर करत आलो होतो. हातातलं काम टाकून मी बाजारात दोर आणायला गेलो.

पुढे सराव केला. दगड बांधलेल्या सुतळीनं खोली मोजायची. नांगर फेकायचा नाही, होडीचं तोंड वाऱ्याकडे करून हळूच सोडायचा. होडी मागे सरकेल तसा दोर द्यायचा. मग बायको शीड उलटं धरून होडी मागे रेटते, म्हणजे पाती रुततात. दोरावर हात ठेवला की समजतं: नांगर घसरत असेल तर दोर थरथरतो, धरला असेल तर नुसता ताणतो. शिवाय देवळाचा कळस आणि त्यामागचा विजेचा खांब एका रेषेत ठेवून पाहायचं; रेष मोडली म्हणजे होडी सरकली.

वैशाखात एका दुपारी आम्ही नांगर सोडून बसलो असताना धुळीचं वादळ उठलं. होडी गरकन फिरली. बायकोनं माझी बाही घट्ट पकडली. तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"काठावर जाऊ या का?"

"नको. मी आणखी दोर सोडतो."

दोर सोडला. होडी झटक्यानं थांबली, डोलू लागली. दोर ताठ होता, पण थरथरत नव्हता. धुळीतून कळस दिसला, त्यामागे खांब.

"धरलंय," मी म्हणालो.

तिनं बाही सोडली आणि होडीतला छोटा स्टोव्ह आडोशाला पेटवून चहा ठेवला. चहा अर्धा सांडला, उरलेला आम्ही वाटून प्यायलो.

वारा पडल्यावर नांगर उपटायला दोघांना जोर लावावा लागला. पात्यांवर काळाभोर गाळ थापलेला होता. मी तो धूत होतो तेव्हा तिनं विचारलं, "घरी जायचं?"

ऊन अजून बरंच होतं. मी पुढच्या वळणाकडे हात केला. तिकडे आम्ही अजून गेलो नव्हतो. तिनं शीड चढवलं.