नाव गुप्त ठेवले जाईल

वटारच्या रिटा तुस्कानोला पसारा सहन होत नसे. बाजारला जाणारी केळीची पानंसुद्धा तिच्या ओटीवर लांबीप्रमाणे लावलेली असत, आणि पाहुण्यानं कप बशीत वाकडा ठेवला तर बोलता बोलता ती तो सरळ करी. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, तर घरात आणखी एक माणूस म्हणजे आणखी पसारा, असं सांगून ती मोकळी होई. विरारला एका विमा एजंटाच्या कचेरीत तिनं उमेदीची वर्षं काढली, तिथंच कॉम्प्युटर शिकली, आणि आई अंथरुणाला खिळली तशी नोकरी सोडून घरी आली. आई गेली. वाडी उरली आणि रिकामे हात उरले.

रिकाम्या हातांना गावात काम मिळायला वेळ लागत नाही, फुकटचं असेल तर मुळीच नाही. दिनानाथभाऊ चौधरी बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांनी नुकतीच बावखल बचाव समिती काढली होती. समितीला वेबसाईट होती, पण ती सांभाळायला माणूस नव्हतं. ते रिटाच्या दारात आले आणि ती आधी नको नको म्हणत चहा ठेवायला गेली, तेव्हाच त्यांनी ओळखलं की काम झालं.

बावखल म्हणजे वाडीतलं खणलेलं तळं. आमच्या पूर्वजांनी ती अशी जागोजाग खणून ठेवली, पावसाचं गोडं पाणी त्यांत मुरतं आणि म्हणून उन्हाळ्यात समुद्र एवढा जवळ असून विहिरी खाऱ्या होत नाहीत. आता जमिनीला सोन्याचा भाव, आणि तळ्यावर घर बांधता येत नाही. मग एखाद्या दिवशी काठावर डंपरभर राडारोडा पडतो. काही महिन्यांनी तिथं पोरं क्रिकेट खेळतात. मग कुंपण येतं, आणि इथं पाणी होतं असं म्हणणारा म्हातारा वेडा ठरतो. बुजवणारे परके असते तर गावानं आरडाओरडा केला असता. पण बुजवणारा कुणाचा तरी चुलतभाऊ, कुणाचा तरी व्याही. तोंड उघडायचं कुणी?

म्हणून वेबसाईटवर फॉर्म आला. नाव, मोबाईल, गाव, काय पाहिलंत, फोटो असल्यास फोटो. खाली रिटानं स्वतः ठळक अक्षरांत ओळ घातली: नाव गुप्त ठेवले जाईल. निनावी तक्रार घ्यायला मात्र ती तयार नव्हती, उद्या कुणीही उठून काहीही लिहील. दर शनिवारी दुपारी ती आलेले फॉर्म उघडी, कर्जाच्या जाहिराती आणि भलत्याच लिप्यांतला कचरा काढून टाकी, एकाच माणसानं दोनदा पाठवलेलं एक करी, सगळं एक्सेलमध्ये उतरवी, आणि मग नाव आणि मोबाईल हे दोन रकाने पुसून उरलेला तक्ता समितीच्या ग्रुपवर टाकी. दिनानाथभाऊ तो छापून सरकारदरबारी नेत. रिटा म्हणजे बँकेचा लॉकर, असं ते चारचौघांत म्हणत. ती नको हो भाऊ म्हणे, पण तिला ते फार आवडे. एवढं कौतुक तिचं आयुष्यात कुणी केलं नव्हतं.

समितीत ग्लेन होता. आळीतलाच पोरगा, आता चाळिशीचा, दोन डंपर आणि एक जेसीबी बाळगून. पावसाळ्यात गटारं तोच मोकळी करून देई, सभेला खुर्च्या त्याच्याच येत, आणि आवाज चढवून बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. डंपरवाला आपल्यात असला म्हणजे कुठं माती पडणार ते आपल्याला आधी कळेल, या हिशेबानं त्याला घेतलं होतं. आपल्याकडे काय चाललंय ते त्यालाही आधी कळेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फिलोमिना ही रिटाची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी रिटाला हातात धरणारी आणि तिच्या आईच्या आजारपणात रोज पेज पाठवणारी. ऐंशीच्या घरातली बाई, मुलगा दूर परदेशात, गुडघे गेलेले, वाडीत एकटी. तिच्या वाडीच्या टोकाला एक जुनं बावखल होतं, अर्धं तिच्याकडे, अर्धं शेजारच्या वाडीत. शेजारची वाडी विकली गेली होती. कुणी घेतली ते कुणी नक्की सांगत नव्हतं.

त्या बावखलात माती पडू लागल्याचं फिलोमिनानं सांगितलं, तेव्हा रिटानंच तिला फॉर्म भरायला लावला. भरायला लावला म्हणजे रिटानंच भरला. म्हातारीकडे बटनांचा साधा फोन. रिटा ओटीवर बसली, आपल्या मोबाईलवर फॉर्म उघडला आणि म्हणाली, सांग. फिलोमिनानं सांगितलं आणि तिनं ते जसंच्या तसं उतरवलं: पांडूच्या बावखलात बांधावरून डंपर येऊन राडारोडा टाकतात, रविवारी चर्चमधल्या मिस्साच्या वेळी, जेव्हा आळीत कुणी नसतं. नावाचं काय, असं म्हातारीनं विचारलं. रिटा म्हणाली, माझ्याशिवाय ते कुणाला दिसणार नाही. फिलोमिनानं तिच्या गालावरून हात फिरवला.

शनिवारी रिटानं नाव पुसलं, मोबाईल पुसला, तक्ता पाठवला.

पुढच्या सभेत, दिनानाथभाऊंच्या ओट्यावर, ग्लेन छापलेला कागद वाचत होता. एका ओळीवर तो थांबला.

"पांडूचं बावखल," तो म्हणाला. "असं कोण म्हणतं आता? आम्ही तर याला दोन आंब्यांचं म्हणतो."

असेल कुणी जुनं माणूस, असं म्हणून दिनानाथभाऊ पुढच्या तक्रारीकडे वळले. ग्लेन म्हणाला, हो, जुनंच असणार, आणि मिस्साला न जाणारं. हे म्हणताना त्यानं कागदाकडे पाहिलं नाही, रिटाकडे पाहिलं. रागानं नाही. एखादी हरवलेली वस्तू कुणी शोधून दिल्यावर माणूस जसं पाहतो तसं, आभार मानल्यासारखं.

रिटानं आपल्या हातातल्या कागदावर ती ओळ पुन्हा वाचली. आमच्याकडे बावखलाला सरकारी नाव नसतं, जे घर जे म्हणेल ते नाव. एकाच पाण्याला या काठावर एक म्हणतात, त्या काठावर दुसरं. पांडू हा फिलोमिनाच्या सासऱ्याचा गडी, त्या बावखलावर रहाट होता तेव्हा बैल हाकणारा. तो मरून जमाना झाला, आणि त्याचं नाव साऱ्या वटारात फक्त एका घराच्या तोंडात उरलं. रिटा त्या घरात खेळतच लहानाची मोठी झाली होती. दुसरी कुणी फॉर्म सांभाळणारी असती, तर तिनं विचारलं असतं, हा पांडू कोण, आणि शब्द खोडला असता. रिटाला तो शब्द दिसलाच नाही. आपल्या घरचा वास आपल्याला येत नाही, तसं झालं.

घरी येऊन तिनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे वेबसाईट उघडून फिलोमिनाची नोंद काढून टाकली. मग कचरापेटीतूनही काढली, कायमची. बैल गेला नि झोपा केला. तक्ता केव्हाच सगळ्यांच्या मोबाईलमध्ये जाऊन बसला होता. पण तिला वाटलं, निदान आता कुणी शोधायला आलं तर सापडायला काही नाही.

खरं तर तिनं त्याच पावली फिलोमिनाकडे जाऊन सांगायला हवं होतं. मावशी, माझ्या हातून चूक झाली, ग्लेनला कळलंय, फाटकाला कडी लाव, मुलाला फोन कर. गेलीही ती. ओटीवर बसली, चहा प्याली, वांगी कशी किडली यावर बोलली आणि परत आली. म्हातारी उगाच घाबरेल असं तिनं स्वतःला समजावलं. पण घाबरत होती ती वेगळ्याच गोष्टीला. तिला लाज वाटत होती. गावात तिची इभ्रत ती काय, तर रिटाकडे दिलेलं सुरक्षित राहतं एवढीच. तीच गेली तर मागे पानांचे भारे तेवढे उरणार होते.

नंतरच्या दिवसांत कुणी काही वाईट केलं असं म्हणता आलं नसतं. एका सकाळी फिलोमिनाच्या फाटकासमोर डंपरभर विटांचा चुरा पडला होता, इतका की बाहेर पाऊल टाकता येईना. दुपारी ग्लेनची माणसं आली, ड्रायव्हर नवा आहे, पत्ता चुकला म्हणाली, आणि सगळं उचलून रस्ता झाडूनही गेली. मग ग्लेननं अर्नाळ्याहून सुरमई आणून दिली. मग तिच्या विहिरीचा बिघडलेला पंप दुरुस्त करून दिला, म्हणजे पंप कुठं आहे, वायर कुठून येते, मागचं दार कसं उघडतं, हे सगळं त्यानं पाहिलं. मग तो येऊन नुसताच बसू लागला. फिलोमिना रिटाला कौतुकानं सांगे. रिटा ऐके, आणि चहाचा कप बशीत सरळ करत राही.

त्याला घरात घेत जाऊ नकोस, असं एकदा ती म्हणाली.

"का गं? पोरगं चांगलं हाय," फिलोमिना म्हणाली. "सख्खा मुलगा नाय विचारत एवढं."

असंच, एवढंच रिटाला बोलता आलं. सांगायची वेळ होती ती तीच, आणि ती तिनं चहाबरोबर गिळली.

मधे दिनानाथभाऊंचा फोन आला. सरकारी कचेरीतले साहेब पाहणीला यायला तयार झाले होते, पण तक्रारदाराची मूळ नोंद नावासकट दाखवा म्हणत होते, बंद पाकिटात चालेल. पांडूच्या बावखलाची काढून ठेव, म्हणाले. रिटा म्हणाली, साईट जरा बिघडलीय, उद्या बघते. बावखलात पाणी थोडं उरलेलं, उन्हाळा तोंडावर, आणि ज्याला नाव कळायला नको होतं त्याला ते कळलेलं, ज्याला कळायला हवं त्याला दाखवायला तिच्याकडे काही नाही. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. सकाळी उठल्यावर तिनं ठरवलं, आधी मावशीला सांगायचं, मग भाऊंना. मग तिनं आणखी दोन दिवस घालवले.

शनिवारी दुपारी सवयीनं तिनं फॉर्म उघडले. कचऱ्याखेरीज एकच नवा होता.

नाव: फिलोमिना. मोबाईल तिचाच. गाव वटार. काय पाहिलंत, या चौकटीत लिहिलं होतं: माझी काही तक्रार नाही. माझ्या बाजूची माती मीच टाकायला सांगितली आहे.

रिटा ते वाचत राहिली. बटनांच्या फोनवर हा फॉर्म उघडत नाही. म्हणजे कुणीतरी ओटीवर बसलं होतं, आपला मोबाईल काढून म्हणालं होतं, सांगा मावशी. आणि साईटवर आता फिलोमिनाच्या नावानं ही एकच नोंद होती. दुसरी रिटानं आपल्या हातानं पुसली होती.

तिनं फिलोमिनाला फोन लावला. तिकडून ग्लेन बोलला.

"मावशी इथंच आहे. चहा पितोय आम्ही. ये ना तू पण."

रिटा बांधावरच्या वाटेनं निघाली. घाईत चपला घालायच्या राहिल्या, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही. काय बोलायचं ते तिनं वाटेत जुळवून ठेवलं. तो कोण आहे, काय करतोय, सगळं आता सांगायचं, त्याच्या तोंडावर सांगायचं.

ओटीवर फिलोमिना खुर्चीत बसली होती. ग्लेन रिटाला पाहून उठला आणि आपली खुर्ची तिच्यासाठी पुढे केली. फिलोमिनानं मान वर केली नाही.

"मी भ्यायले नाय त्याला," ती म्हणाली. "त्यानं विचारलं तसं मी म्हटलं, हो, मीच केली तक्रार. मग तो म्हनाला, ते रिटाला ठाऊक हाय. माझं नाव त्याला कळलंय, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक हाय. खरं हाय का?"

वाटेत जुळवलेलं सगळं ग्लेनविषयी होतं, आणि त्यातलं काहीच या प्रश्नाला लागू पडत नव्हतं.

"राहू दे मावशी," ग्लेन हळूच म्हणाला. "तिनं मुद्दाम नाही केलं."

"रोज येऊन बसायचीस," फिलोमिना म्हणाली. "माझ्या हातचा चहा प्यायचीस. मग मी लढू कोनाच्या जिवावर?"

वाडीच्या टोकाकडून डंपर मागे घेतल्याचा आवाज आला. भर दुपार होती, आळीतली सगळी माणसं घरात होती. मग खडी घसरल्यासारखा लांबलचक आवाज झाला आणि त्यामागून पाण्याचा.

रिटानं फिलोमिनाच्या हाताला हात लावला. म्हातारीनं तो झिडकारला नाही, नुसता आपला हात उचलून मांडीवर घेतला.

"ग्लेन," ती म्हणाली, "हिला फाटकापर्यंत सोड."

ग्लेन तिच्याबरोबर फाटकापर्यंत आला. ती बाहेर पडल्यावर त्यानं आतून कडी लावली.