गुलाबरावांच्या नळीवरचा चिमटा

भूतखेत, करणी-बिरणी यांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आयुष्यभर लोकांना भूल देत आले. शुद्धीवर येताना माणूस काय वाट्टेल ते बरळतो, हे मला सांगायला नको. तरी लिहितेय, कारण आठवलं की अजून डोकं फिरतं...

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात, महालजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात मी भूल देणाऱ्या सरांच्या हाताखाली होते. तेव्हा श्वासनलिकेत घालायची नळी लाल रबराची असे. तिच्या टोकाशी फुगा. तो बाहेरून सिरिंजने फुगवायचा आणि हवेची बारीक नळी चिमट्याने दाबून ठेवायची. तिच्यावर बाहेरही एक छोटी फुगी असे; ती चाचपली की आतला फुगा टणक की मऊ ते कळे. हवा किती? नळीच्या बाजूने श्वास निसटण्याचा आवाज थांबेल तेवढीच! जास्त भरली तर श्वासनलिका आतून चेपते, व्रण धरून पुढे अरुंद होते. पण सरांचं एकच — "फुगा टणक लागला पाहिजे."

या टणकपणापायी शेवंताबाई गेली. कळमेश्वरची. ऑपरेशननंतर काही दिवस नळी आतच ठेवावी लागली, आणि सरांनी फुगा एकदाही सैल करू दिला नाही. घरी गेली ती घोगरा आवाज घेऊन, परत आली ती धापा टाकत. गळ्याला भोक पाडलं, वर पट्टी बांधली. आवाज गेला, मग तीही गेली. सर म्हणाले, "नशीब तिचं." नशीब म्हणे!

पुढे त्याच टेबलावर गुलाबराव आले. इतवारीच्या धान्यबाजारात लिलाव पुकारायचे.

"बाई, पोटाचं जाऊ द्या, माह्या आवाजाचं पाहा," ते म्हणाले. "आवाज गेला तं मले कोण विचारीन?"

भूल दिली, डोळ्यांवर पट्ट्या चिकटवल्या. सर हवा भरतच सुटले.

"सर, आवाज थांबलाय. पुरे आता."

"तुम्ही नाडी बघा!"

थोड्या वेळाने पाहते तर चिमटा चादरीवर पडलेला — आणि त्याचे दात घट्ट मिटलेले! मिटलेला चिमटा नळीवरून निघेल कसा? चिमट्याविना सगळी हवा जायला हवी होती. गेली नव्हती. फुगा मऊ, पण श्वास निसटण्याचा आवाज नाही. फक्त जास्तीची हवा गेलेली, लागते तेवढी आतच.

"हात लावलात?" सर माझ्यावरच खेकसले. पुन्हा भरली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी चिमटा स्वतःच्या बोटांत धरून ठेवला. तो बोटांत मिटलेलाच राहिला आणि हवेची नळी त्यातून निसटून बाजूला सरकली. मग मात्र सरांनी सिरिंज खाली ठेवली. नंतर म्हणाले, रबर खराब. मी त्या नळीचा फुगा भरून पाण्यात बुडवून पाहिला. एक बुडबुडा आला नाही.

दुसऱ्या दिवशी गुलाबराव खणखणीत बोलत होते.

"बाई, ते गळ्याले पट्टी बांधलेली कोण होती? माह्या डोक्यापाशी उभी होती. बोलून राहिली होती, पण आवाजच नव्हता तिले."

शेवंताबाईला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी सरांना सांगितलं, तर हसले! मी जिवंत बाई शेजारी उभी राहून सांगत होते, ते या माणसाने ऐकलं नाही. म्हणून मेलेलीला उठून यावं लागलं?

माझ्याकडे आज उरलाय तो फक्त गुलाबरावांचा निरोप — "तिले सांगा, माहा आवाज शाबूत आहे."

कुठे जाऊन सांगू?