शरयूताई आणि गाडीपाशी येणारी घोडी

"आई, तुमच्या घोडेवाल्या शरयूताई गेल्या," माझ्या सुनेनं, अनघानं, कामावरून फोन करून सांगितलं. मी कणीक मळत होते. हात तसेच धरून उभी राहिले आणि मनात पहिलं काय यावं... की सुटले. आता ती गोष्ट त्या मला कधीच विचारणार नाहीत. मग स्वतःचीच लाज वाटली. त्याला सहा आठवडे झाले. मी चौथी शिकलेली, चार लोकांत तोंड न उघडणारी बाई, म्हणून वहीत लिहिते आहे.

शरयूताई ब्रिस्टलमध्ये आमच्या पलीकडच्या गल्लीत एकट्या राहायच्या. नर्सच्या नोकरीतून रिटायर झालेल्या. दर शनिवारी गाडी काढून एक्समूरच्या नॅशनल पार्कात जायच्या, तिथे मोकळे फिरणारे घोडे बघायला आणि त्यांचे फोटो काढायला. मी मुलाकडे राहायला आले त्याला तीन महिने झाले असतील, तेव्हा एकदा दारात येऊन म्हणाल्या, "वत्सलाबाई, चला माझ्याबरोबर." अनघा लगेच म्हणाली, "जा ना आई, मस्त चेंज होईल." ती इतक्या लगेच म्हणाली की मला संशय आला. शनिवारी सासू घरात नको, म्हणून हिनंच ठरवलं असणार. आणि या बाईंना तरी इंग्रजी न येणारी सोबत कशाला हवी? दीड-दोन तास मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

तिथले घोडे बुटके, सगळे एकाच तपकिरी रंगाचे, तोंडं पिठात बुडवल्यासारखी फिकट. शरयूताई त्यांची मोजणी वहीत लिहायच्या. सात दिसले तर सातच. "आठवा टेकडीमागे असेल की," मी म्हटलं, तर म्हणाल्या, "दिसला नाही ना? मग नाही." पण घोडे ओळखताना त्यांचा घोटाळा व्हायचा. माझा नाही. माहेरच्या गायी मी चालीवरून ओळखायची. "ही मघाचीच, डावा कान पाडून चालते," मी हळूच बोलले, तर त्या मोठ्यानं हसल्या. "अहो, तीन वर्षं मी हिला दोनदा मोजतेय!" मला वाटलं, माझी टिंगल चालली आहे. पण पुढच्या शनिवारी परत दारात उभ्या.

एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. "खायला काही घालायचं नाही हं. चटक लागली की गाड्यांपाशी येतात आणि मरतात." मी मान डोलावली. पण आमच्यात पहिली पोळी गायीची. ब्रिस्टलमध्ये गाय कुठली? ती पोळी अनघा कचऱ्याच्या बिनमध्ये टाकायची, ते मला बघवायचं नाही. एका शनिवारी शरयूताई कॅमेरा घेऊन टेकडीवर गेल्या. मी हिरवी शाल लपेटून खाली कार पार्कात होते. ती कान पाडणारी घोडी शिंगराला घेऊन जवळ आली... मी पिशवीतून पोळी काढली. मुक्या जनावराला एक घास, त्यात कसलं पाप? असे पाच शनिवार दिली.

सहाव्या शनिवारी घोडी नव्हती. कार पार्कच्या वळणावर तिला गाडीनं उडवलं होतं. शिंगरू एकटंच कुंपणाशी उभं होतं. पार्कचा माणूस शरयूताईंना काहीतरी विचारत होता. त्यातला "फीडिंग" एवढाच शब्द मला कळला. शरयूताईंनी गाडीत बसलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला म्हणाल्या, "नॉट अस." आम्ही नाही, एवढं मलाही कळलं.

परतताना त्या इतकंच बोलल्या, "शिंगरू गवत खातंय. जगेल ते."

त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्याबरोबर गेले, आणि चार वर्षं त्यांचा प्रत्येक शब्द तोलत राहिले. यांना माहीत आहे की नाही? "आज डब्यात काय?" असं विचारलं तरी मी पिशवी जवळ ओढायची. एकदा म्हणाल्या, "वत्सलाबाई, तुमच्या डोळ्यांतून काही सुटत नाही." हा टोमणाच, म्हणून मी घरी येऊन जेवले नाही. सांगून टाकावं असं कितीदा वाटलं. पण सांगितलं आणि त्या दारात यायच्या थांबल्या तर? अख्ख्या देशात मला बोलावणारं दुसरं कोणी नव्हतं. हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तेव्हाही अनघा शेजारी होती... राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात त्यांची मँचेस्टरची भाची घर आवरायला आली. मी मदतीला गेले. फोटोंचे ढीग लावता लावता त्या घोडीचा फोटो हाती आला. टेकडीवरून, लांबच्या लेन्सनं काढलेला. घोडीनं मान पुढे केलेली, कशाला ते दिसत नाही. उजवी बाजू कात्रीनं कापलेली, थोडी वाकडी. कापल्या कडेला बोटभर हिरवा रंग राहिलेला, माझ्या शालीचा.

भाची इथेच वाढलेली. वाकून म्हणाली, "काकू, ही फोटो कट झाला आहे. बिनमध्ये टाकू?"

"नको," मी म्हटलं. "त्यात मी आहे."

तिनं फोटो उलटसुलट करून पाहिला. "कुठे? इथे तर फक्त घोडा आहे."

मी खाली बसले आणि तिला पहिल्या पोळीपासून सगळं सांगितलं.