दोन बोटांचा बेस

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे 'मास्तर' म्हणतात. कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतून कापणारा जो मुख्य माणूस, तो कटिंग मास्तर. त्या जागेवर बाई आली म्हणून शब्द बदलायची तसदी कुणी घेतली नाही आणि मावशीनेही घेऊ दिली नाही. वीस हात लांब टेबल, त्यावर कापडाचे चाळीस थर, वर खडूच्या रेषा आणि उभ्या पात्याचं विजेवर चालणारं मशीन. रेषेवरून पातं सरकवताना ती श्वासबिस रोखत नाही. शेजारच्या बाईशी गप्पा मारत असते. एक बाही चुकली तर चाळीस बाह्या चुकल्या, हे तिला कुणी सांगावं लागत नाही.

संध्याकाळी ती बेस गिटार वाजवते. चार जाड तारांचं ते वाद्य ऐकणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही, पण थांबलं की गाणं लंगडायला लागतं. आमचा चौघांचा बँड आहे: बाबा गिटारवर, मी ड्रमवर, मावशी बेसवर आणि गायला एक दातांची डॉक्टर, जिला आम्ही दातवाल्या बाई म्हणतो.

बेस मावशी शिकली ती एकतिसाव्या वर्षी, आणि तीही टॅब बघून. टॅब म्हणजे कागदावर चार ओळी, ई, ए, डी, जी या चार तारांची एकेक. ओळीवर आकडा असतो, त्या तारेवरचा कितवा पडदा, म्हणजे वाद्याच्या मानेवरची कितवी आडवी पट्टी, दाबायचा त्याचा. सुराचं नाव माहीत असायची गरज नाही. सूर किती लांबवायचा हेही त्यात नसतं, पण गाणं ऐकून पाठ असलं की तेवढ्यावर भागतं. मावशीला हे पहिल्याच दिवशी पटलं. "आमच्या पॅटर्नसारखंच की हे," ती म्हणाली. "इथे काप, इथे कापू नको." पंधरा वर्षांत तिच्या पाच वह्या भरल्या, दीडशेच्या वर गाणी.

बाबा लहानपणी रीतसर शिकलेले. पाच ओळींवर टिंबं काढतात ते नोटेशन त्यांना वाचता येतं, आणि येतं हे ते विसरू देत नाहीत. मेहुणीची थट्टा करायची संधी तर ते सोडतच नसत. "तू वाजवत नाहीस, फोन नंबर फिरवतेस."

"फोन लागतो ना, भावोजी? मग झालं तर."

चार वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी मावशीचा हात कापला. कापताना डाव्या हातात पोलादी कड्यांचा हातमोजा घालायचा असतो. पात्यात दोरा अडकला, तो मोज्याच्या बोटांनी निघेना, म्हणून तिने मोजा काढला आणि मशीन बंद करायचं राहून गेलं. "चूक माझी," ती आजही सांगते, "मशीन बिचारं आपलं काम करत होतं." अनामिका आणि करंगळी, दोन्ही बोटं वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या. त्या शिवल्या, पट्ट्या झाल्या, महिनोन्महिने व्यायाम झाला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की बोटं राहतील, पण वाकणार नाहीत.

कारखान्यात तिचं काही अडलं नाही, कारण पातं उजव्या हातात असतं. घरी मात्र तिने बेस मांडीवर घेतला, पहिली वही उघडली आणि पहिल्याच ओळीत अडकली. दुसरा पडदा, लगेच पाचवा. पहिल्या बोटाने दुसरा दाबायचा आणि करंगळीने पाचवा गाठायचा, असे ते आकडे. करंगळी काडीसारखी सरळ. ती पानं उलटत गेली आणि मी समोर बसून बघत होते. पाचही वह्या चार बोटांच्या माणसासाठी लिहिलेल्या होत्या.

बाबा सांभाळून म्हणाले, "थोडे दिवस आराम कर. तोवर आपण कुणीतरी तात्पुरता बघू."

"बघा ना," मावशी म्हणाली. "फक्त त्याला सांगून ठेवा, तात्पुरता म्हणजे तात्पुरता."

त्या वाक्यात राग नव्हता. ती खरंच तसं समजून चालली होती.

त्याच आठवड्यात काम आलं. एका शाळेच्या संगीतशिक्षिकेने गाण्यांचं नाटक लिहिलं होतं. शाळेच्या सभागृहात मोठी माणसं ते करणार होती, सगळी हौशी, आणि साथीला आमचा बँड हवा होता. संगीत तिचं स्वतःचं, कुठेही न वाजलेलं. ऐकून पाठ करायचा प्रश्नच नव्हता. प्रत्येकासाठी छापील कागद आले. मावशीचे अडतीस, सगळे नोटेशनमध्ये. हातात अकरा आठवडे.

"मी टॅब करून देतो तुला," बाबा म्हणाले आणि खरोखर बसले. दोन आठवड्यांत चार पानं झाली. स्वच्छ, पट्टीने आखलेली. मावशीने पहिलं पान बघितलं आणि हसली.

"भावोजी, हे कुणासाठी लिहिलंत?"

"म्हणजे? तुझ्यासाठी."

"हा बघा. ए च्या तारेवर दोन, मग पाच. तो पाच म्हणजे पुढच्या, डी च्या तारेचाच सूर. ती नुसती मोकळी छेडली तरी तोच वाजतो, बोटच लागत नाही. मग पाच का लिहिला?"

"मोकळी तार घुमत राहते. दाबून वाजवली की ताब्यात राहते. मी असाच वाजवला असता."

"तेच म्हणते मी. तुम्ही तुमच्या हातासाठी लिहिलंत." तिने छापील कागद पुढे ओढला. "इथे काय लिहिलंय? कुठे दाबायचं ते?"

"नाही. इथे नुसता सूर आहे. डी. एवढाच काळ वाजव म्हणून. कुठे वाजवायचा ते तुझं तू ठरव."

मावशीने त्या पाच ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग मला हेच शिकायला पाहिजे." नऊ आठवडे उरले होते. बाबांनी ते मोजून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि चप्पल घालून खाली गेली.

खाली, तळमजल्यावर भोंगेकाका राहतात. अग्निशामक दलाच्या बँडमध्ये त्यांनी चाळीस वर्षं ट्यूबा वाजवला. ट्यूबा म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेलं, टोपलीएवढ्या तोंडाचं पितळी वाद्य. त्याचं आणि बेसचं काम एकच, तळ सांभाळायचं, त्यामुळे दोघांचं नोटेशनही एकाच पद्धतीचं. गिटारचा पडदा कशाशी खातात हे काकांना माहीत नव्हतं आणि सुरांची नावं मावशीला तारांपुरतीच माहीत होती. दोघांनाही आपल्याला येत नाही याची लाज वाटली नाही, हे बरं झालं.

पहिल्या रविवारी दुपारी मीही गेले होते. काकांनी पेन्सिलने मधल्या ओळीवरच्या टिंबावर टकटक केलं.

"ही डी. वाजव."

मावशीने डी ची मोकळी तार छेडली. काकांनी ट्यूबा फुंकला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"चुकलं," काका म्हणाले. "तू तळघरात गेलीस."

"मी माझ्या तारेवर आहे. तुम्हीच गच्चीवर चढलात."

"चाळीस वर्षं ही ओळ वाजवतोय मी, पोरी!"

"काका, तारेचं नावच डी आहे. ती काय खोटं बोलेल?"

पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. सूर एकच, पण तिचा एक सप्तक खाली. अर्धा तास दोघं इरेला पेटली होती. काकांनी तिच्या वाद्यालाच बिघडलेलं ठरवलं, आणि मावशीने ट्यूबात बोळा अडकलाय का ते बघायला सांगितलं. शेवटी मीच संगीतशिक्षिकेला फोन लावला. ती हसत सुटली. बेस गिटारचे सूर इतके खालचे असतात, की आहेत तसे लिहिले तर टिंबं ओळींच्या फार खाली लोंबतील. म्हणून ते एक सप्तक वर लिहितात आणि वाजतात खाली. दोघंही बरोबर.

"म्हणजे मी बरोबर," काका म्हणाले.

"मी पण," मावशी म्हणाली, आणि शिकवणी सुरू झाली.

ती शिकली तशी मी कुणाला शिकताना बघितलेलं नाही. कारखान्यात पॅटर्नचा जाड तपकिरी कागद उरतो. त्यावर तिने पाच ओळी आखल्या आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोट ठेवून सूर म्हणू लागली. टेबलावरच्या बायका पैजा लावायच्या, "मास्तर, हे काय?" "एफ." "आणि हे?" "तो माशी बसल्याचा डाग." दुसऱ्या एका कागदावर तिने बेसची मान पूर्ण आकारात काढली, सगळे पडदे मोजून, आणि प्रत्येक सूर जिथे जिथे सापडतो तिथे तिथे लिहिला. एकच सूर दोन ठिकाणी, कुठे तीन ठिकाणी. "भावोजी, इतक्या जागा होत्या," ती म्हणाली, "आणि पंधरा वर्षं मी एकीवरच बसले होते."

आता प्रत्येक सुरापाशी ती दोन बोटांना सोयीची जागा निवडू लागली. मोकळ्या तारा भरपूर घेतल्या. त्या घुमायच्या, बाबांचं म्हणणं खरं होतं. एका संध्याकाळी तिचा तळहात जरा पुढे सरकला आणि ती दोन ताठ बोटं तारांवर आडवी पडली. घुमणं तिथल्या तिथे थांबलं. तिने पुन्हा केलं. वाकती बोटं इतकी सपाट पडत नाहीत. मग ती दोन बोटं तिने तेवढ्याच कामाला लावली, आणि तिचा सूर पहिल्यापेक्षा आखूड आणि स्वच्छ वाजायला लागला. दातवाल्या बाईंनी तर विचारलं, नवीन वाद्य घेतलंस का म्हणून.

पाचव्या आठवड्यात नाटकात घोळ झाला. नायकाचं काम करणाऱ्या माणसाची बदली झाली, आणि संगीतशिक्षिकेने ती भूमिका टपाल कचेरीतल्या एका बाईला दिली. आवाज बाईचा, तेव्हा नायकाची तिन्ही गाणी वरच्या पट्टीत न्यायची. किती वर, तर पाच पडदे. बाबा कपाळाला हात लावून बसले. त्यांच्या कागदावरचं प्रत्येक टिंब हलणार होतं. "दोन दिवस द्या, सगळं नव्याने लिहितो," ते म्हणाले.

मावशी कागदाकडे न बघता आपल्या हाताकडे बघत होती. "पाच पडदे म्हणजे एक तार," ती म्हणाली. "आहे तिथेच बोटं ठेवायची, फक्त पुढच्या तारेवर. मोकळ्या तारासुद्धा मोकळ्याच राहतात." तिने वाजवून दाखवलं. पहिलं गाणं तिथल्या तिथे, एकही अक्षर न खोडता. उरलेल्या दोनमध्ये चारच सूर शेवटच्या तारेवरचे होते, त्यांना पुढची तार नव्हती; ते तिने दुसरीकडे बसवले.

"हे नोटेशन नव्हे," बाबा पुटपुटले.

"नव्हेच. हा फोन नंबर आहे," मावशी म्हणाली. "बघा, लागला."

नाटक दुपारचं होतं. सभागृह भरलेलं, आम्ही रंगमंचापुढे खाली खुर्च्या मांडून. पहिला अंक निर्विघ्न गेला. दुसऱ्या अंकात टपालवाल्या बाई एका कडव्यात शब्द विसरल्या आणि सरळ पुढच्या कडव्यावर उडी मारून गायला लागल्या. बाबा थांबले. माझ्या काठ्या हवेत. गाणं एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला.

मावशीच्या कागदावर गाण्याची प्रत्येक ओळ कुठे सुरू होते ते बारीक अक्षरात छापलेलं होतं. तिची नजर कागदावर खाली गेली, ओळ सापडली. "एकसष्ट!" ती आमच्याकडे मान वळवून म्हणाली, आणि पुढच्या ठेक्यावर तिचा सूर पक्का पडला. उभ्या रेषांनी पाडलेल्या खान्यांपैकी एकसष्टावा; खान्यांचे नंबर आमच्या सगळ्यांच्या कागदांवर एकच होते. मी तिथे उडी मारली, बाबा दोन ठेक्यांनी आले. टपालवाल्या बाईंना आपण काही गाळलं हे कळलंच नाही. नाटक संपल्यावर त्या म्हणाल्या, "किती सुरळीत झालं, नाही?"

"एकदम," मावशी म्हणाली.

घरी जाताना बाबा जिन्यात थांबून म्हणाले, "मी हरवलो होतो तिथे."

"माहीत आहे," मावशी म्हणाली. "म्हणून तर ओरडले."

त्यानंतर तिने पाच जुन्या वह्या नव्याने लिहायला घेतल्या. वर पाच ओळींत सूर आणि त्याचा काळ, खाली चार ओळींत तिच्या दोन बोटांचे आकडे. आज शंभराच्या पुढे गाणी झाली आहेत. भोंगेकाका अधूनमधून वर येऊन वरच्या ओळी तपासतात. खालच्या ओळींतले आकडे नंबरांच्या कुलपासारखे दिसतात, म्हणून त्यांना ते 'तुझं कुलूपकाम' म्हणतात.

हळूहळू लोक तिच्याकडे येऊ लागले. कुणाची बोटं संधिवाताने आखडलेली, कुणाचा हात लहान, कुणाला नुसतंच शिकायचं असतं. गेल्या महिन्यात एक बसचालक बाई आल्या. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, एक सांगा, टॅब शिकू की नोटेशन? सगळे वेगवेगळं सांगतात."

मावशीने त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली, बेस त्यांच्या मांडीवर दिला आणि पट्टा दोन भोकं आखूड केला.

"ते ठरवू," ती म्हणाली. "आधी तुमचा हात दाखवा बघू."