बारागाड्यांची तिकिटं

नाना, म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या मरीमातेचे भगत होते. अमळनेरहून धुळ्याला जाताना वाटेत आमचं गाव लागतं. तिथं दर वर्षी चैत्रात यात्रेला बारागाड्या ओढल्या जात. बारा बैलगाड्या एकामागे एक दोरखंडाने बांधायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांत माणसं कोंबायची आणि हळद माखलेल्या एकट्या भगताने देवीचं नाव घेत त्या वेशीपासून देवळापर्यंत ओढायच्या. लहानपणी मला वाटे, सगळ्यांचेच वडील एवढं ओढत असतील. शाळेतल्या मैत्रिणीचे वडील पाण्याची घागर उचलताना धापा टाकताना पाहिले तेव्हा मला त्यांची फार दया आली होती.

त्याच नानांच्या खांद्यावर गाठ आली. अमळनेरच्या डॉक्टरांनी जळगावला पाठवलं, जळगावच्यांनी मुंबईला. मुंबईचे डॉक्टर म्हातारे आणि सरळ होते. कॅन्सर आहे, पण या जातीचा आपण आजवर क्वचितच पाहिला, पुस्तकातही त्याची धड माहिती नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. वर म्हणाले, "गाड्या ओढण्याचा याच्याशी काही संबंध नाही." नाना गेले ते त्याच पावसाळ्यात.

मी तेव्हा धुळ्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, वय अवघं बावीस, आणि डोकं सदा तापलेलं. गावात कुजबूज सुरू झाली की भगतालाच गाठ आली म्हणजे देवीचा कोप; काहीतरी चुकलं असणार. मायने ते ऐकलं आणि देवीशी बोलणंच टाकलं. दिवा नाही, नैवेद्य नाही, देवळाची पायरी नाही. "तिन्हं नाव मन्हा पुढे काढू नका," एवढंच म्हणे. माझा राग वेगळ्या वाटेने गेला. मी मुंबईच्या डॉक्टरांना विचारलं की या गाठीचा अभ्यास कुणी का करत नाही. ते म्हणाले, "करू की. माणूस ठेवायला पैसा हवा." मी म्हटलं, आणते. बाविसाव्या वर्षी माणूस असलं काहीही बोलतो.

पैसा आणायचा कुठून? पुढच्या यात्रेत बारागाड्या काका ओढणार होते, नानांचे धाकटे भाऊ. माझ्या डोक्यात आलं, गाड्यांत बसायची तिकिटं लावू. आजवर जो तो फुकट चढायचा. हा विचार घेऊन मी पंचांतल्या आबांकडे गेले. आबा गावातले सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांत कुरकुरे; चहा गोड झाला तरी तक्रार आणि फिका झाला तरी.

"देवीना कोप शे तो," आबा म्हणाले. "डाक्टर काय शिकी त्यामा?"

मी वाद घातला. हो, आवाज चढवून घातला. शेवटी आबांनी पारावर सगळ्यांसमोर निवाडा दिला. "गाड्या देऊळले पोचन्यात ते पैसा मुंबईले. मझारमा थांबन्यात ते कोप खरा, पैसा देवीले." मी लगेच मान डोलावली. नानांच्या वेळी गाड्या मधेच कधी थांबल्या होत्या?

तिकीट विक्री हा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मजेचा धंदा ठरला. शाळेतल्या रंगीत कागदाचे तुकडे, मोठ्याला आठ आणे, पोराला दोन. पहिली गाडी भगताच्या पाठीशी म्हणून मानाची. शेवटची सगळ्यांत जास्त आदळते म्हणून पोरांची आवडती. सरकीचे व्यापारी शेठ आले आणि एका तिकिटात दोघा नातवांना मांडीवर घेऊ का विचारू लागले. मी म्हटलं, "शेठ, तुमच्या मांडीवर जागा उरली असेल तर घ्या." ते स्वतःच पोट धरून हसले आणि तिघांचे पैसे देऊन गेले. तालमीतले पैलवान रांगेने आले. म्हाताऱ्या आल्या. कुजबुजणारेही आले. प्रत्येक जण तिकीट घेताना म्हणे, "नानाकरता." मी हवेत तरंगत होते. आबांनीसुद्धा पहिल्या गाडीचं तिकीट घेतलं, आणि कागद पातळ आहे म्हणून कुरकुर केली.

यात्रेच्या दिवशी काका हळद माखून, पाच दिवसांच्या उपासाने आणखीच काटकुळे होऊन वेशीशी उभे होते. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"तिकिटं कोणकोणले दिधात?"

"बठ्ठासले," सगळ्या गावाकडे हात करत मी ऐटीत म्हटलं.

"तालीमना पोरेसलेबी?"

"त्यास्नी ते पहिले लिधात."

हळदीखालूनही काकांचा चेहरा पांढरा पडलेला दिसला. मला काही कळेना. त्यांनी एकदा गाड्यांकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात बोलले, कारण ही गोष्ट गावात मोठ्याने कुणी बोलत नसे. भगत ओढतो हे खरं. पण सुरुवातीला तालमीतली पोरं कडेने धावतात आणि चाकांना हळूच हात लावतात. गाड्या एकदा हलल्या की मग भगत आणि देवी. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या मला, कारण भगताच्या लेकीला हे सांगणार कोण? आणि मी चाकं हलवणारे सगळेच्या सगळे हात आठ आणे घेऊन गाडीत बसवले होते.

डफ वाजले. काकांनी जय म्हणून जू छातीशी घेतलं आणि जोर लावला. गाड्या जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा लावला. दोरखंड करकरले, एक नारळ घरंगळला, बस. गाड्यांतली माणसं गच्च बसलेली, हातात रंगीत तिकिटं, आणि खाली रस्त्यावर काका, डफवाले आणि मी. पैलवान एकमेकांकडे बघत होते. उतरून हात लावावा तर गुपित चारचौघांत उघडं पडणार. न लावावा तर कोप खरा. डफ थांबले. पहिल्या गाडीतून आबांनी माझ्याकडे पाहिलं. नानांच्या माथी कायमचा कोप लागणार, आणि तो लावणारी मी.

आमचं घर वेशीजवळच. डफ का थांबले ते बघायला माय ओट्यावर आली. नवरा गेलेल्या बाईने यात्रेत पुढे यायचं नाही असा रिवाज होता. तिने गाड्या पाहिल्या, काका पाहिले, मला पाहिलं. पदर कमरेला खोचला, तरातरा शेवटच्या गाडीशी गेली आणि चाकाला खांदा लावला. वर बसलेल्या पैलवानांना म्हणाली, "बसा, बसा. पैसा दिधात ना तुम्ही."

पहिला पैलवान उडी मारून उतरला. मग दुसरा. मग गाडीच्या गाडी रिकामी होऊ लागली. शेठ नातवांना खाली सोडून स्वतः सरकत सरकत उतरले आणि त्यांच्या उतरण्यानेच ती गाडी हातभर पुढे गेली. म्हाताऱ्या चाकांना हात लावत, पोरं एकमेकांना ढकलत, सगळी हसत, ओरडत, धुळीत माखत. गाड्या सुटल्या. काका पुढे पळत होते ते ओढायला की चिरडले जाऊ नये म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अख्खं गाव रिकाम्या गाड्या ढकलत होतं. रिकाम्या म्हणजे आबा सोडून. आबा पहिल्या गाडीत मांडी घालून बसले होते. कुणीतरी उतरायला सांगितलं तर म्हणाले, "मी उतरस नही. आठ आणा दिधात मी."

देवळापुढे गाड्या थांबल्या. सगळे धापा टाकत होते. मग एकाने शंका काढली की भगताने एकट्याने कुठे ओढल्या. आबा सावकाश खाली उतरले, धोतर झटकलं.

"मी गाडीमा बसेल व्हतू," ते म्हणाले. "मी देऊळले पोचनू ना? मंग गाड्या पोचन्यात." आणि पंच म्हणून त्यांच्याकडे ठेवलेली पैशांची थैली माझ्या हातात देऊन, गाडीत हादरे फार बसतात अशी तक्रार करत ते सावलीला गेले.

ते पैसे पुढच्याच आठवड्यात मुंबईला पोचले. डॉक्टरांनी त्यातून एक मदतनीस ठेवला आणि नानांच्या जातीच्या गाठींचा अभ्यास सुरू झाला. तो बरीच वर्षं चालला. पण त्या दुपारचं मला आठवतं ते वेगळंच.

मी थैली सांभाळत मायला शोधत होते. ती देवळात होती. देवीच्या समोर, एकटी, कमरेचा पदर अजून तसाच खोचलेला. तिने हात जोडले नव्हते. शेजारणीशी तंटा मिटवायला बाई उंबऱ्यात उभी राहते तशी ती उभी होती.

"चाल," ती देवीला म्हणाली, "आते मिटनं आपलं भांडण."

मग नाना गेल्यापासून पहिल्यांदा माय रडली. चाकाचं वंगण लागलेल्या हातांनीच तिने डोळे पुसले आणि तोंडभर काळे पट्टे उमटले. मला इतकं हसू फुटलं की मी खालीच बसले. तिने रागाने वळून पाहिलं, स्वतःचे हात बघितले, आणि तीही माझ्याशेजारी बसून रडता रडता हसू लागली.