वाळूगाडीचा नारळ

आमच्या मुलखात माणूस एक वेळ जमीन सोडील, पण मान सोडायचा नाही. कुणाचा नारळ आधी, कुणाचा मागून, यावरून देवाची पालखीसुद्धा वर्षानुवर्षं बांधून ठेवलेली आहे. मग रेल्वेची काय कथा! पण त्या मानापानात शिवा सांधेवाल्याचं जे झालं, ते आठवलं की अजून जिवाला लागतं.

शिवा मूळचा खारेपाटणचा. नोकरीसाठी आमच्या गावात आला आणि इथलाच झाला. नोकरी वाळूगाडीवरची. कोकण रेल्वे सुरू झाली तशी एका कंपनीने वैभववाडी स्टेशनापासून घाटाखालच्या खाणीपर्यंत स्वतःचे रूळ टाकले. खाणीतून काचेसाठीची पांढरी वाळू निघायची. इंजिन एकच, पिवळं, कुठूनतरी जुनं आणलेलं. सकाळी रिकामे डबे घेऊन वर जायचं, दुपारी भरलेले घेऊन खाली यायचं. स्टेशनावर ते डबे मोठ्या मालगाडीला जोडले की ते कुठल्या कुठे जायचे, देवाला ठाऊक.

आमच्या गावाशी आलं की इंजिन डब्यांपासून सुटायचं, बाजूच्या रुळावरून वळसा घेऊन त्यांच्या मागे जायचं आणि ढकलत वर न्यायचं. कारण पुढची चढण उभी. येताना तेच इंजिन उताराच्या बाजूला राहून सगळा भार छातीवर अडवायचं. या सगळ्या फिरवाफिरवीसाठी रूळ सरकवायला एक लोखंडी दांडा होता. त्या जागेला म्हणायचे सांधा, आणि दांडा ओढणारा तो आमचा शिवा. इंजिन सांध्याच्या तोंडाशी येऊन थांबायचं, बाबा ड्रायव्हर वरून ओरडायचा, "शिवा, जागो आसस मां रे?" आणि शिवा म्हणायचा, "तू जागो आसस ता बघ आधी!" इतकं झाल्याशिवाय दांडा हलायचा नाही.

सांध्याला लागूनच गावच्या राखणदार देवाचा दगड. त्याच्या हद्दीतून लोखंड जायचं म्हणजे त्याला विचारायला नको? म्हणून दर अमावास्येला गाडी तिथे थांबायची, गाऱ्हाणं घालून देवाची विनवणी व्हायची, नारळ फुटायचा, मग गाडी हलायची. एका अमावास्येचा नारळ वरच्या वाडीच्या मानकऱ्याचा, सुदेशचा. पुढच्या अमावास्येचा खालच्या वाडीच्या विनीतचा. चांगलं चाललं होतं. मग आला अधिक महिना. सुदेश म्हणाला, अधिकातली अमावास्या पाळीत धरायची नाही. विनीत म्हणाला, धरायची. झालं! दोघांचं बोलणं बंद. पुढच्या अमावास्येला दोघेही रुसून घरी बसले. पण दुसऱ्या दिवशी बघतात तर दगडापुढे नारळ फुटलेला. सुदेशला वाटलं विनीतने माझी पाळी चोरली, विनीतला वाटलं सुदेशने.

त्याच महिन्यात वाळूगाडी बंद पडली. डंपर स्वस्त पडतात म्हणे. इंजिन आणि चार डबे वर खाणीतच अडकले. सुदेशने आपल्या काजूच्या बागेतून गेलेल्या रुळांवर कुंपण घातलं. विनीतने आपल्या हद्दीत रुळांवरच गवताची उडवी रचली. रूळ म्हणजे आयती बैठक! शिवाला मात्र कोणी "आता येऊ नको" असं सांगितलं नाही, म्हणून तो वर्षानुवर्षं सांध्यावर जातच राहिला. कंपनीचं ग्रीस संपलं तर उंडीचं तेल घालून सांधा हलता ठेवायचा. बायको नर्मदा म्हणायची, "घरातलो दरवाजो करकरता, तेका कधी तेल घातलास?" तो म्हणायचा, "दरवाजो खंय पळता? इंजान येतला."

आणि खरंच, यंदाच्या वैशाखात कंपनीचा साहेब आला. इंजिनाला गिऱ्हाईक मिळालं होतं. साहेबाचं बोलणं सरळ. "मिरगाचा पाऊस पडायच्या आत रस्ता मोकळा झाला तर इंजिन स्वतःच्या चाकांवर खाली नेऊ. नाहीतर गॅसने कापून भंगारात घालू."

त्या दिवशी शिवा जेवला नाही. नर्मदेने विचारलं तर म्हणाला, "कापतत म्हणजे कसा कापतत गो? जित्या म्हशीसारख्या?"

साहेबाने दोघा मानकऱ्यांना दगडापाशी बोलावलं. दोघांचं एकच म्हणणं, रूळ मोकळे करतो, पण गाडीचा नारळ माझा.

"गेल्या खेपेक तूच फोडलंस," सुदेश म्हणाला. "आता पाळी माझी."

"मी? मी तर घराभायर पडलंय नाय!" विनीत तापला. "नारळ तुझ्या झाडाचो होतो. माका काय नारळ वळखाक येणत नाय?"

"नारळार नाव लिवलेला होता काय रे माझा?"

साहेब कपाळाला हात लावून बसला. हा तंटा रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात असणार? शिवा सांध्याशी उभा होता. इतकी वर्षं त्याने तोंड उघडलं नव्हतं. अजूनही गप्प राहिला असता तर त्याचं काही बिघडत नव्हतं. पण मिरग आठवड्यावर आला होता आणि वर खाणीत ते पिवळं इंजिन उभं होतं.

"तो नारळ मी फोडलंय," शिवा म्हणाला.

दोघेही वळले.

"तुमी दोघव रुसलास. बाबा ड्रायव्हर गाडी घेवन हुबो. खाली मालगाडी सुटाक इलेली. राखणदाराक कोणीतरी सांगाक नको? मी सांगलंय, बा देवा महाराजा, मानकरी घराक आसत, ह्या लेकराक जावंक दी."

"गाऱ्हाणा पण तूच घातलंस?" सुदेशचा आवाज चढला. "तुझो मान काय रे हंय? खारेपाटणसून इललो तू!"

"आणि गेली कित्येक वर्सां मी सुदेशाक चोर म्हणतंय!" विनीत म्हणाला.

"आणि मी तुका!"

इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दोघे एका बाजूने बोलले, ते शिवावर रागावण्यासाठी. बोलता बोलता दोघांचा सलोखाच झाला की! कुंपण निघणार, उडवी हलणार, नारळ दोघांनी मिळून फोडायचा. आणि शिवाला दंड? गाडी जाईल त्या दिवशी त्याने राखणदाराच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही.

सांधा हद्दीच्या आत. शिवाचं घर टेंबाच्या, म्हणजे मधल्या टेकाडाच्या पलीकडे, हद्दीच्या बाहेर.

"मग दांडो कोण ओढतलो?" साहेबाने बिचाऱ्याने आमच्या भाषेत विचारून पाहिलं. 

बघ्यांतून नर्मदा पदर खोचून पुढे आली. "मी ओढतंय. हे जेवाक बसत, तेव्हा इतकी वर्सां दांडो काय राखणदार ओढी होतो?"

इंजिन न्यायला साहेबाने जुन्या बाबा ड्रायव्हरलाच बोलावलं. गाडी निघाली त्या सकाळी शिवाने नवा सदरा घातला. कशाला घातला, कुणी विचारलं नाही. नर्मदा गेली आणि तो पडवीत बसला. टेंबामुळे काही दिसत नव्हतं. आधी लांबून चाकांची खडखड आली, मग इंजिनाची धडधड. तुळशीपुढचा तांब्या थरथरायला लागला. मग सगळं थांबलं.  नंतर दांड्याचा खटका ऐकू आला, आणि धडधड पुन्हा सुरू झाली, उताराला लागली, बारीक होत गेली.

नर्मदा परत आली तेव्हा तो तसाच बसलेला.

"जड गेलो?" त्याने विचारलं.

"लोण्यासारखो हल्लो."

"नारळ?"

"दोघांनी धरल्यानी. कोणव सोडीना. तिसऱ्या खेपेक फुटलो."

"बाबा काय म्हणालो?"

 "वरसून ओरडलो, शिवा, जागो आसस मां रे? मगे माका बघल्यान आणि गप झालो."

 शिवाने विचारलं, "तू काय सांगलस तेका?"

"काय सांगतलंय? दांडो ओढलंय."

"सांगाक व्हया होता," शिवा म्हणाला. "रस्त्यात आता तेका कोण जागो आसा काय म्हणून इचारतलो?"